निवटमाणूस

कल्पिता मढवीला जगातल्या कुठल्याही घाणीची किळस येत नसे. फक्त घरातल्या घाणीची यायची. ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती नोकरीला होती. दिवसभर लोकांची थुंकी, लघवी आणि त्याहून वाईट गोष्टी छोट्या डब्यांतून काढून काचेवर पसरायची आणि दीड वाजता हात धुऊन त्याच टेबलापासून पाच हातांवर बसून भाजीपोळी खायची. हातमोजे घातले की कुणाचंही काहीही चालतं, असं ती नव्या मुलींना सांगत असे. पण संध्याकाळी कोलशेतला घरी पोचली आणि मागच्या दारी आजा गुडघाभर चिखलाने बरबटून बसलेला दिसला, की ती नाकाला ओढणी लावून आत पळायची.

आजा म्हणजे धाकू मढवी. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी त्याने मिठागरात मीठ ओढलं, पुढे मिठागर गेलं आणि त्या जागेवर चोवीस-चोवीस मजल्यांचे टॉवर आले. मढवींचं घर तीन मजली झालं, पायऱ्यांना ग्रॅनाइट लागलं, बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ आला. पण धाकूची खाडी काही सुटली नाही. ओहोटी लागली की कंबरेला रंगाचा रिकामा डबा बांधून म्हातारा चिखलात उतरायचा आणि निवट्या घेऊन यायचा.

निवटी ज्याने पाहिली नाही त्याचं बरं चाललंय, असं कल्पिताचं मत. जेमतेम वीतभर मासा. मासा म्हणावा तर पाण्यात कमी आणि चिखलात जास्त. डोळे डोक्याच्या वर चिकटवल्यासारखे बटबटीत, अंग शेंबडासारखं बुळबुळीत, आणि चालतो तो कोपरांवर सरपटत, गाल फुगवून. आजाही तसाच गाल फुगवून बसायचा. दोन मिनिटं श्वास धरून ठेवायचा आणि मग 'फू' करून सोडायचा. मिठागरापासूनची सवय ती. मग आगपेटीची काडी घेऊन नखांतला काळा चिखल कोरायचा, आणि तो बोळा पायरीच्या ग्रॅनाइटला पुसायचा. डाव्या हाताची करंगळी मीठ ओढताना कधीतरी मोडलेली, ती तशीच वाकडी बसलेली. जेवताना निवटीचं डोकं तोंडात धरून तो इतका जोरात चोखायचा की कल्पिता ताट उचलून वरच्या मजल्यावर जायची.

"पोरीला वास येतंय," धाकू सुनेला सांगायचा. रागाने नव्हे. हवामान सांगावं तसं.

या घरातून सुटायची तिची एक जागा होती, ती म्हणजे डोंबिवलीतला रविवार. दोन वर्षांपूर्वी योगिनी नावाची एक मुलगी लॅबमध्ये रक्त द्यायला आली, सुई बघून चक्कर येऊन पडली आणि शुद्धीवर आल्यावर कल्पिताची मैत्रीण झाली. ती कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिने कल्पिताला डोंबिवलीच्या आपल्या मित्राच्या, सुशांतच्या, घरी नेलं. तिथे दर रविवारी दुपारी एक खेळ चालायचा. पटावरचा नाही, पत्त्यांचा नाही, निव्वळ बोलण्याचा. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, सुशांत गोष्ट सांगणार, आणि तुमच्या पात्राने काय केलं ते तुम्ही सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. चौथा होता विनीत. तो डोंबिवलीच्याच एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होता आणि त्याच्या शर्टाला कायम कडू बदामासारखा वास यायचा. त्या वासाचं मात्र कल्पिताला काही वाटत नसे.

या टेबलावर ती हुशार होती. ती बोलली की सगळे ऐकायचे. इथे ती 'मना' म्हणत नसे, 'मला' म्हणत असे. घरचे काय करतात असं कुणी विचारलंच तर 'जमिनीचं बघतात' एवढं सांगून फासा उचलायची. हे टेबल हातचं जाऊ नये एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी ती काय करू शकते हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी सुशांतने ठरवलं की आपला खेळ छापायचा. मराठीतून, चित्रांसकट, तीनशे प्रती. ठाण्याला एका हॉलमध्ये असले खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरणार होता, तिथे प्रकाशन. पुस्तकातला सगळ्यात मोठा भाग 'पालट्यां'चा होता. पालटे म्हणजे अर्धा वेळ माणूस आणि अर्धा वेळ जनावर. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो, त्या जातीतले.

"पण लांडगा नको," सुशांतने बजावलं. "वाघ नको, साप नको, मांजर तर अजिबात नको. लोकांना कंटाळा आलाय. प्रत्येकाने असा पालट्या आणा की वाचताना उलटी आली पाहिजे. तीन गोष्टी लिहायच्या. माणूस असताना त्याची खूण काय, तो कशाने पालटतो, आणि तो सापडतो कसा. सगळ्यात घाणेरडा जो असेल तो पहिल्या पानावर."

हे लोक कामाला लागले ते असे लागले की बघायला नको. पुढच्या रविवारी योगिनीने पालीची बाई आणली. ट्यूबलाइट लागली की पालटते, छताला उलटी चिकटते, आणि तुम्ही तिचा हात पकडलात तर हात तुमच्याकडे सोडून पळून जाते. तो हात मग तुमच्या मुठीत रात्रभर वळवळत राहतो. विनीतने घूस आणली. हा रिक्षावाला गटाराचं झाकण उघडं दिसलं की पालटतो, आणि माणूस असताना त्याची खूण ही की सुट्टे पैसे तो दातांनी चाचपून बघतो. सुशांतने स्वतः गोचीड केली होती. सोसायटीचा सेक्रेटरी. सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं की फुगत जातो, करडा होतो, पाय आखडतात, आणि शेवटी खुर्चीत नुसती एक टंच भरलेली गोळी उरते. चौघं हसून हसून लोळले.

कल्पिताचा कागद कोरा होता. तिला किळसवाणं काही सुचेना. लॅबमधल्या माणसाचं हे असंच होतं, सगळं बघून बघून मेलेलं असतं. "पुढच्या वेळी आणते," ती म्हणाली, आणि सुशांत "तुझ्याकडून जास्त अपेक्षा होती" असं म्हणाला, ते तिला आठवडाभर बोचत राहिलं.

शनिवारी सकाळी ती चहाचा कप धुवायला मागच्या दारी गेली. आजा नुकताच खाडीवरून आला होता. पायांवरचा चिखल वाळून तडकला होता. डब्यात निवट्या एकमेकींवर चढत होत्या, त्यातली एक उडी मारून कल्पिताच्या पावलावर पडली. गार, ओली, जिवंत. कल्पिता किंचाळली. धाकूने ती उचलली, धोतराला पुसली आणि हसला. गाल फुगवले. फू.

कल्पिता वर गेली आणि पंधरा मिनिटांत पान लिहून मोकळी झाली. किळस आली की शब्द शोधावे लागत नाहीत.

डोंबिवलीला तिने ते वाचून दाखवलं. "निवटमाणूस. खूण: बोटं कायम पाण्यात भिजून सुरकुतलेली, नखांत काळी कोर. डाव्या हाताची करंगळी वाकडी. दारात बसून पापणी न हलवता बघत राहतो. गाल फुगवून बसतो, त्यांत कुजकं पाणी धरलेलं असतं, आणि त्याच्या जवळून गेलात तर ते तो तुमच्या अंगावर फू करून सोडतो. जेवताना भक्ष्याचं डोकं चोखतो. कशाने पालटतो: ओहोटीने. खाडी मागे सरली की हा कोपरांवर सरपटत चिखलात उतरतो. कसा सापडतो: त्याच्या बिळाला दोन तोंडं असतात. एक पायाने दाबून बंद करायचं आणि दुसऱ्यातून हात खांद्यापर्यंत आत घालायचा. हात आत गेला की काय लागेल, ते मात्र फासा ठरवेल."

विनीत "ई ई ई" करून ओरडला, योगिनीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, आणि सुशांत उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. "पहिलं पान! विषय संपला!" कल्पिताला वाटलं, आपण आज या घराच्या छताएवढे उंच झालो.

"पण हे सुचलं कुठून तुला?" योगिनीने विचारलं.

"आमच्याकडे गावात एक म्हातारा आहे," कल्पिता म्हणाली.

वाक्य किती सहज निघालं! घशात कुठे अडकलं नाही, जिभेला टोचलं नाही. ज्या माणसाने तिला खांद्यावर बसवून बालवाडीत नेलं, आणि बाई ओरडल्या की गेटबाहेर जाऊन शाळा सुटेपर्यंत बसून राहिला, तो एका वाक्यात गावातला एक म्हातारा झाला. तिला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं असतं तर तिने पुढचं केलं नसतं. योगिनीला चित्रासाठी चेहरा हवा होता, म्हणून तिने मोबाइलमधला आजाचा फोटो पाठवला. मागच्या पायरीवर बसलेला, चिखलातला, गाल फुगवलेला. घराचा दरवाजा आणि दारावरची पाटी तिने नीट कापून काढली.

चार दिवसांनी ग्रुपवर चित्र आलं. योगिनीचा हात चांगला, त्यात वादच नाही. चिखलातून वर आलेलं ते धूड, डोक्यावर सरकलेले डोळे, लाळ, आणि त्या सगळ्यात हुबेहूब आजाचं नाक आणि आजाची करंगळी. त्याखाली हसरी तोंडं आणि सुशांतचा निरोप: 'रविवारी सगळे कोलशेत. खाडी बघू, चिखलाचे फोटो काढू, तो म्हातारा दिसला तर सोन्याहून पिवळं.'

कल्पिताने 'नको' असं लिहिलं आणि पुसलं. नको कसं म्हणणार? तिने डोकं चालवलं. गेल्या रविवारी आजा सकाळी दहाला खाडीवर गेला होता आणि साडेअकराला परत आला होता. म्हणून तिने सगळ्यांना दुपारी चारची वेळ दिली. चार वाजता म्हातारा घरात झोपलेला असणार, आपण त्यांना टॉवरच्या बाजूने बंधाऱ्यावर नेऊ, अर्ध्या तासात परत पाठवू. घराकडे वळायचंच नाही.

पण फोनवरचं बोलणं तिच्या आईने, सगुणाने, ऐकलं होतं. "तुझं दोस्त येतान ना ऐतवारी? जेवाला काय करू?"

"ते घरी नाही येणार, आई. खाडी बघून जातील."

"आपले दारान आलेला मानूस उपाशी जाल का? लोकं काय बोलतील?"

धाकू कोपऱ्यात बसला होता. "मी निवट्या आनतू. शहरातले पोरांना निवट्या कोन देतंय?"

"आजा, तू खाडीवर येऊ नकोस रविवारी."

"कला?" धाकूने कारण विचारलं.

"उन्हाचं. तुला त्रास होतो."

धाकूने मान हलवली. कल्पिताने तो होकार धरला. खरं तर म्हातारा कुठल्याही गोष्टीला तशीच मान हलवायचा, हे घरातलं मांजरही सांगू शकलं असतं.

रविवारी चार वाजता ते तिघे आले. पांढरे बूट, गॉगल, सुशांतच्या हातात मोठा कॅमेरा. टॉवरच्या मागून बंधाऱ्यावर पोचले तर समोर पाणी नव्हतंच. खाडी लांब मागे सरलेली, आणि इथून तिथवर नुसता काळा, चकाकता, बुडबुडे सोडणारा चिखल. ओहोटी रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी दहाला होती म्हणजे आज चारच्या सुमाराला असणार. हे गणित धाकूला झोपेत यायचं. मिठागरवाल्यांच्या घरात जन्मलेल्या कल्पिताला ते येत नव्हतं, कारण खाडीचं काही शिकायचंच नाही असं तिने लहानपणीच ठरवलं होतं.

चिखलात साठ पावलांवर कुणीतरी वाकलेलं होतं. ते उठलं, डबा सावरला आणि त्यांच्याकडे चालत यायला लागलं. मांडीपर्यंत काळं, खांद्यापर्यंत काळं, दाढीलाही चिखल.

"अरे, हाच तो!" विनीत किंचाळला. "शप्पथ, हाच! निवटमाणूस!"

धाकूला शेवटचा शब्द अर्धाच ऐकू आला. तो हसला. "हां, निवट्याच हान. बगायच्या का? खालती उतरू नका रं, पाय रुततील."

कल्पिता योगिनीच्या मागे सरकली. आजाने तिला पाहिलं होतं. तो काही बोलायच्या आत सुशांतने कॅमेरा डोळ्याला लावला. "आजोबा, एक बीळ पायाने बंद करायचं आणि दुसऱ्यातून हात घालायचा, बरोबर?"

"अरं! तुमाला कोनी शिकवला?" धाकूचा चेहरा असा उजळला की कल्पिताला बघवेना. निवट्या कशा धरतात हे सांगायला त्याला कुणी मिळून किती वर्षं झाली होती, कुणास ठाऊक.

"आमच्या पुस्तकात आहे. निवटी चालते कशी, ते दाखवा ना."

आणि धाकूने दाखवलं. ऐंशी वर्षांचा माणूस बंधाऱ्याखालच्या चिखलात पालथा झाला, कोपरं टेकली, मान वर केली, गाल फुगवले आणि चार हात सरपटत गेला. पोरीच्या मित्रांना मजा वाटावी म्हणून त्याने मध्ये एक उडीही मारून दाखवली. विनीत पोट धरून हसत होता. "आजोबा, अजून एकदा! इकडे बघून!" धाकू अजून एकदा गेला.

चिखलाचा वास तर कल्पिताच्या नाकात होताच, पण आज त्याने काही होत नव्हतं. विनीतच्या उघड्या तोंडातले दात दिसत होते, सुशांतच्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसत होता, आणि तिला या सगळ्याची इतकी शिसारी आली की हात उगारून तो कॅमेरा खाडीत भिरकावावा. तिने तसं काही केलं नाही. ती उभी राहिली, आणि विनीतने तिच्याकडे बघितलं तेव्हा थोडी हसलीसुद्धा.

योगिनी बिचारी मनाने चांगली. आजोबांना कौतुक वाटेल म्हणून तिने टॅबवरचं चित्र उघडलं आणि बंधाऱ्यावर बसून त्यांच्यासमोर धरलं. वर पान मोठ्याने वाचूनही दाखवलं. सुरकुतलेली बोटं, नखांतली काळी कोर, कुजकं पाणी, सगळं. धाकू मान तिरपी करून ऐकत होता. वाकड्या करंगळीपाशी त्याने आपला डावा हात हळूच उचलला, चित्राशेजारी धरला, दोन्हींकडे एकेकदा पाहिलं, आणि तो हात डब्यात घालून ठेवला.

वाचून झाल्यावर त्याने चित्रातल्या गालांकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "येक चुकलंय."

"काय?" योगिनीने विचारलं.

"गालान कुजका पानी नसतं. वारा असतं. बिलान खोल अंडी असतान, तठं वारा पोचत नाय. मंग निवटी वरशी तोंडान वारा भरून घेते नि खालती नेऊन सोरते. दिसभर. पोरं जगाला पायजेत ना. म्हनून गाल फुगलेलं दिसतान."

"क्या बात है!" सुशांत म्हणाला. "नोट कर, योगिनी. बिळात पिल्लं! याने तर अजून घाणेरडं होईल."

"हे जिने लिहिलंय ना आजोबा, ती ही बघा, कल्पिता," योगिनी म्हणाली. "तुमच्याच इकडची आहे. ओळखता का हिला?"

हीच ती वेळ होती. दोन शब्द पुरले असते. 'माझा आजा.' यापेक्षा लांब वाक्यं तिने त्या टेबलावर राक्षसांच्या तोंडी घातली होती. ती आपल्या बुटांना लागलेल्या चिखलाकडे बघत राहिली.

धाकूने तिच्याकडे पाहिलं. मग योगिनीकडे पाहिलं.

"वलखतो की," तो म्हणाला. "मोठे घरची पोर हाय."

कंबरेचा डबा सोडून त्याने तो बंधाऱ्यावर, तिच्या पायांजवळ ठेवला. "बाय, ह्या तुमचे घरान देवाल? पाव्हन्यांना करून घाला." धाकू मढवी आयुष्यात कुणाला अहोजाहो करत नसे. बिल्डरला नाही, आमदाराला नाही. त्याने नातीला केलं, आणि तो बंधाऱ्याच्या कडेने लांबच्या वाटेने निघून गेला, पाहुण्यांना तो कुठल्या घरात शिरतो ते दिसू नये म्हणून.

विनीतने डब्यात डोकावलं आणि ओकारीचा आवाज काढला. "हे खातात लोक? शी! चला, घोडबंदर रोडला पिझ्झा खाऊ." कल्पिताने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ते तिघे बुटांचे तळ गवताला घासत गाडीकडे गेले.

घरी सगुणाने चौघांच्या भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. "तुझं दोस्त कुटं हान?"

"गेले."

सगुणाने भाकऱ्या फडक्याखाली झाकल्या. डब्याला हात घालायला वाकली तेव्हा कल्पिताने तो बाजूला ओढला. "मी साफ करते."

लॅबच्या हातमोज्यांचा अख्खा खोका तिच्या कपाटात होता. ती तो आणायला गेली नाही. मोरीत बसून एकेक निवटी उघड्या हाताने धरली, बुळबुळ जावी म्हणून मीठ चोळलं. माशांनी तिच्या मनगटाला शेपट्या मारल्या, बोटांच्या बेचक्यांतून चिकट पाणी गळलं, आणि तिसऱ्या निवटीला ती मोरीतच ओकली. म्हणजे इतकं होऊनही तिची किळस जागच्या जागी होती. तोंड धुऊन ती पुन्हा बसली. सगळ्या साफ होईपर्यंत उठली नाही.

कालवण चुलीवर असताना तिने ओल्या हाताने मोबाइल घेतला आणि ग्रुपवर लिहिलं: 'तो म्हातारा माझा आजा आहे. धाकू काळुराम मढवी. पुस्तकातलं ते पान काढून टाका.'

तिला वाटलं, आता भूकंप होईल. योगिनी काहीतरी लिहायला लागली, थांबली, पुन्हा लागली, आणि तिच्याकडून काहीच आलं नाही. विनीतने हसरं तोंड टाकलं. मग सुशांतचा निरोप आला: 'आईशप्पथ! आधी का नाही बोललीस? पान काय काढतेस, हे तर सोनं आहे. प्रकाशनाला त्यांनाच स्टेजवर आणू. त्याच अवतारात. चिखल माझ्याकडून.'

तिने ते दोनदा वाचलं. सुशांतची किळस यावी असं फार वाटलं, पण ती तिथवर पोचेना. त्याला काय दोष द्यायचा? आजाकडे बघून हसायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं होतं? किळस जिथे येऊन बसायची तिथे येऊन बसली, तिच्या स्वतःच्या अंगावर, आणि ती मिठाने चोळून निघणारी नव्हती.

धाकू आंघोळ करून आला. नखं कोरलेली, केस विंचरलेले. इतक्या वर्षांत तो ओहोटीनंतर असा स्वच्छ होऊन ताटावर बसला नव्हता. त्याने निवटीचं डोकं उचललं, कल्पिताकडे पाहिलं आणि न चोखता ताटाच्या कडेला ठेवून दिलं.

कल्पिता ताट घेऊन त्याच्या समोर बसली. वर गेली नाही. निवटीचा तुकडा मोडून तोंडात घातला. तो मऊ होता, गोडसर होता आणि तिला सहन होत नव्हता.

मोबाइल पुन्हा वाजला. "काय बोलतान तुझं दोस्त?" धाकूने विचारलं.

"तुला बोलावलंय," ती घास एका गालात सारून म्हणाली. "ठाण्याला. पुस्तकाचा कार्यक्रम आहे."

"मना?" धाकूला नवल वाटलं. त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि थोडा विचार केला.

"कोन म्हनून येऊ?"

खरोखरच विचारत होता तो. टोमणा मारायची त्याला सवय नव्हती. तिकडे जाऊन काय सांगायचं ते एकदा ठरवून घ्यावं, म्हणजे पोरीची अडचण होणार नाही, एवढाच त्याचा हिशेब. कल्पिताच्या तोंडातला घास तिला गिळवेना आणि थुंकवेना. धाकू गाल फुगवून तिच्याकडे बघत बसला होता, आणि बराच वेळ झाला तरी त्याने श्वास सोडला नाही.